वर्गासाठी ब्लॉग सुरू करताय ना, मग थोडं ऐका

सर, पहिल्याच सेमिस्टरला साठ मुलांना साठ ब्लॉग काढायला लावू नका, मी लावले होते आणि तिसऱ्या आठवड्यात वाचून वाचून माझाच जीव मेटाकुटीला आला. सगळ्या वर्गाचा एकच ठेवा. वर्डप्रेसवर (ब्लॉग चालवायचं सॉफ्टवेअर) मुलांना कॉन्ट्रिब्यूटर हा रोल दिला की तुम्ही पब्लिश केल्याशिवाय त्यांची पोस्ट बाहेर दिसत नाही, फक्त त्या रोलमध्ये फोटो अपलोड होत नाहीत, मग "सर फोटो जात नाहीये" असे मेसेज येणार, तेव्हा ऑथर करून टाका, फक्त ऑथर स्वतःच पब्लिश करू शकतो हे लक्षात ठेवा. आठवड्याला पाच-सहा जणांनी लिहायचं, बाकीच्यांनी कमेंट, बास.

खरी गंमत प्रश्नात आहे. "लेक्चरचा सारांश लिहा" म्हणालात की कॉपी-पेस्ट आलंच. त्यापेक्षा "कुठे अडलं ते लिहा" म्हणा. माझ्याकडे एकीने स्टँडर्ड डेव्हिएशनचं (आकडे सरासरीभोवती किती पसरलेत त्याचं माप) रफ पान फोटो काढून टाकलं, उत्तर का चुकतंय कळेना, तर खाली दुसऱ्याने लिहिलं की सॅम्पल आहे ना, मग एनने (एकूण आकडे किती, त्या संख्येने) नाही, एन वजा एकने भागायचं. निम्म्या वर्गाची तीच चूक निघाली! आणि हो, मुलांच्या कमेंट यायच्या आधी तुम्ही उत्तर देऊ नका, एक दिवस कळ काढा, नाहीतर सगळे गप्प.

मार्क नियमितपणाला द्या, शुद्धलेखनाला नको, आणि मार्क ब्लॉगवर तर अजिबात टाकू नका. टोपणनाव चालू द्या. सर्च इंजिनला ब्लॉग दाखवू नको म्हणायची सेटिंग ही नुसती विनंती असते, कुलूप नाही, खाजगी हवं तर पासवर्डच लावा.