बीएमपी-२ वर हेपरिनचं डॉकिंग: प्रत्येक रनमध्ये साखळी वेगळ्याच जागी का बसते?

डॉकिंग म्हणजे एक रेणू प्रथिनावर कुठे आणि कसा बसतो ते संगणकावर शोधणं. इथे प्रथिन आहे हाडांच्या वाढीचं बीएमपी-२, आणि बसणारा रेणू हेपरिन, म्हणजे ऋण प्रभाराची साखरेची साखळी. तुम्ही सांगितलेली मांडणी अशी: प्रथिनाची ३बीएमपी ही स्फटिकरचना, हेपरिनची सहा कड्यांची साखळी, ऑटोडॉक व्हिना हा डॉकिंगचा प्रोग्राम, आणि शोधासाठी पूर्ण प्रथिनाला कवेत घेणारा बॉक्स. एवढ्यावरून सांगतो, गडबड सेटिंगच्या आधीची आहे.

पीडीबी फाइल (रचनेतल्या अणूंच्या जागा देणारी फाइल) उघडा आणि पहिला अवशेष, म्हणजे साखळीतलं अमिनो आम्ल, कितवा आहे ते बघा. बीएमपी-२ मध्ये हेपरिन धरणारा मुख्य भाग एन-टोकाला (साखळीच्या सुरुवातीला) आहे: पहिल्या ११ अमिनो आम्लांतच धन प्रभाराची ४ लायसिन आणि २ आर्जिनिन. पण ही शेपटी इतकी हलते की स्फटिकात तिचा बराचसा भाग दिसतच नाही. म्हणजे जिथे बसायचं ती जागाच फाइलमध्ये नाही. मग हेपरिनची साखळी मिळेल त्या धन प्रभाराला चिकटते, दर रनला वेगळ्या. शिवाय फाइलमध्ये प्रथिनाची एकच साखळी आहे. खरं प्रथिन सिस्टीन ७८ च्या डायसल्फाइडने जोडलेली जोडी असतं, त्यामुळे 'बायॉलॉजिकल असेंब्ली' (पूर्ण जोडीची फाइल) उतरवा. युनिप्रॉट या प्रथिनांच्या माहितीकोशाच्या क्रमांकात हाच सिस्टीन ३६० वा आहे; २८२ चा फरक लक्षात ठेवा, इथे भले भले चुकतात.

शेपटी मॉडेलर या प्रोग्रामने जोडा, एमडी (रेणूंच्या हालचालीचं सिम्युलेशन) चालवा, क्लस्टरिंग करून, म्हणजे सारखे आकार एका गटात टाकून, पाच-सहा वेगवेगळे आकार घ्या आणि प्रत्येकावर डॉक करा. एकाच आकारावर भरवसा ठेवू नका.

आता व्हिना. त्याच्या स्कोअरमध्ये विद्युत प्रभार धरलेच जात नाहीत, आणि तुमच्या साखळीवर पूर्ण सल्फेट असतील तर −१२ प्रभार आहे! जागा शोधायला क्लसप्रो या डॉकिंग सर्व्हरचा हेपरिन पर्याय वापरा, मग ऑटोडॉक ४ ने बारकाईने बघा. ऑटोडॉक ४ मध्ये फिरत्या बंधांची मर्यादा ३२ आहे आणि सहा कड्यांत ती सहज ओलांडली जाते, म्हणून हायड्रॉक्सिलचे बंध गोठवा किंवा आधी चार कड्यांवर काम करा. कड्यांचा आकार डॉकिंगमध्ये बदलत नाही, पण हेपरिनमधलं इड्युरोनिक आम्ल हे कडं दोन रूपांत सापडतं: खुर्ची आणि तिरपी होडी. हेपरिनच्या १एचपीएन या पीडीबी रचनेत दोन्ही आहेत. दोन्ही वेगवेगळी डॉक करा.

निवडलेल्या पोझना (साखळी बसण्याच्या स्थितींना) ग्लायकॅम-०६ आणि एफएफ१४एसबी ही फोर्स फील्ड, म्हणजे अणूंमधल्या बलांची सूत्रं, अनुक्रमे साखर आणि प्रथिनासाठी घेऊन एमडीत टाका. ग्लायकॅममध्ये १-४ स्केलिंग (तीन बंध दूर असलेल्या अणूंमधलं बल कितीने भागायचं तो आकडा) १.० असतं, प्रथिनाच्या अँबर फील्डमध्ये १.२ आणि २.०. अँबरमधून ग्रोमॅक्स या दुसऱ्या एमडी प्रोग्राममध्ये नेताना हे सरसकट एकच झालं, तर साखरेचे कोन मुकाट्याने बिघडतात. एरर वगैरे काही येत नाही. एमएम-जीबीएसए या बंधनऊर्जेच्या अंदाजी हिशेबाचे आकडे साखळीच्या मोठ्या प्रभारामुळे अवाच्या सवा येतात. ते बंधनऊर्जा म्हणून छापू नका, कोणता अवशेष किती हातभार लावतो एवढंच बघा.

हे सगळं बीएमपी-२ वर करण्याआधी एफजीएफ-२ या दुसऱ्या प्रथिनाच्या १बीएफसी या रचनेवर करून बघा. त्यात हेपरिन खरोखर बसलेलं आहे, ते काढून पुन्हा डॉक करा. जागा बरोबर पण साखळी उलट्या दिशेने, असं वरचेवर होतं. तिथेही दिशा ठरत नसेल तर बीएमपी-२ साठी फक्त अवशेषांची यादी द्या, पोझचं चित्र देऊ नका.