‘सगळं ठीक चाललंय’ हीच तक्रार

सुनंदाताई (नाव बदललं आहे, तपशीलही थोडे इकडचे तिकडे केले आहेत) पहिल्यांदा आल्या तेव्हा खुर्चीच्या कडेवर टेकल्या आणि म्हणाल्या, "मॅडम, मला काहीच झालेलं नाही. म्हणूनच आलेय."

वय ४९. पुण्यात एका सहकारी बँकेत २४ वर्षं नोकरी. मुलगा शिकायला बाहेरगावी, सासूबाई ८१ वर्षांच्या, पण हिंडत्याफिरत्या. बोट ठेवावं असं काही नाही. पण बँकेतल्या मैत्रिणीने ग्रुपवर लेह-लडाखचे फोटो टाकले आणि सुनंदाताई जेवणाच्या सुट्टीत डबा तसाच मिटून बाथरूममध्ये जाऊन रडल्या. घरी विषय काढला तर यजमान म्हणाले, "रिटायर झाल्यावर बघू. आत्ता घराचे हप्ते कोण भरणार?" तेही काही खोटं नव्हतं.

"सगळं ठीक असताना असं वाटतं, म्हणजे मी कृतघ्न आहे का हो?" त्यांनी विचारलं.

हा प्रश्न चाळिशी-पन्नाशीतल्या माणसांकडून मी सतत ऐकते. पुरुष तो जरा वेगळ्या शब्दांत विचारतात, "आता एकदम नोकरीच सोडावीशी वाटते" असं काहीतरी. उत्तर द्यायची मी घाई करत नाही. आधी झोप, भूक, चिडचिड यांची चौकशी करते, मागच्या दोन आठवड्यांबद्दलचे नऊ प्रश्न असलेली पीएचक्यू-९ ही प्रश्नावली भरून घेते. कशातच रस न वाटणं ही नैराश्याची खूण असू शकते, आणि नैराश्यातल्या माणसाला "जरा काहीतरी नवीन करा" म्हणणं म्हणजे पाय मोडलेल्याला पळायला सांगणं. सुनंदाताईंचे गुण अगदी कमी आले, म्हणजे नैराश्याची लक्षणं फारशी नव्हती. थायरॉइड, हिमोग्लोबिनही तपासून घ्यायला लावलं. रिपोर्ट घेऊन आल्या आणि हसून म्हणाल्या, "बघा, इथेही सगळं ठीकच!"

मग मी विचारलं, मागच्या मंगळवारी काय केलंत? बराच वेळ आठवून म्हणाल्या, "मेथीची भाजी केली असेन." असेन! पण बोलता बोलता कॉलेजातली राजगडची सहल निघाली. उतरायला उशीर झाला, गुंजवण्यातून शेवटची एसटी गेलेली, चौघीजणी अंधारात मार्गासनीच्या रस्त्याला लागल्या. कुणाच्या चपलेचा अंगठा तुटला, कुठल्या वळणावर कुत्री अंगावर आली, सगळं काल घडल्यासारखं सांगितलं. गडाबद्दल मात्र एक वाक्यही नाही.

खरं तर उत्तर तिथेच होतं. मला ते तेव्हा दिसलं नाही, हेही कबूल करते. मी पुस्तकी गृहपाठ दिला: आठवड्यातून तीन नवीन गोष्टी करा. बँकेतली बाई ती! रकाने आखून वही केली. सोमवारी नवा पदार्थ, बुधवारी वेगळ्या रस्त्याने घरी, शनिवारी न ऐकलेला राग. प्रत्येकापुढे बरोबरची खूण. तिसऱ्या भेटीत वही टेबलावर ठेवून म्हणाल्या, "मॅडम, राग मानू नका, पण आधीच्या कामांत आणखी तीन कामं वाढली." दोघीही हसलो, पण चूक माझी होती. रस्ता बदलला तरी शेवटी घरच येणार होतं, आणि ते त्यांना निघतानाच माहीत होतं. राजगडावरून परतताना मात्र पुढे काय होणार हे कुणालाच माहीत नव्हतं.

"मग लेहला जाऊन बरं वाटेल का?"

वाटेल की. जमेल तेव्हा जरूर जा. पण १९७८ साली फिलिप ब्रिकमन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी अमेरिकेतल्या इलिनॉय राज्यात लॉटरी लागलेल्या २२ जणांना विचारलं होतं. ते चारचौघांपेक्षा फारसे सुखी निघाले नाहीत. उलट मित्राशी गप्पा, सकाळची न्याहारी अशा रोजच्या गोष्टींत त्यांना इतरांपेक्षा कमी मजा वाटत होती. अभ्यास छोटा होता, पण माझ्या खुर्चीतून जे दिसतं त्याच्याशी तो जुळतो. लेहहून परत आल्यावरही मंगळवार येणारच असतो.

म्हणून या वेळी वेगळं विचारलं. "जमेल की नाही सांगता येत नाही आणि लोक हसतील म्हणून टाळलीत, अशी एखादी गोष्ट?"

बऱ्याच वेळाने उत्तर आलं, "सायकल."

एके काळी सायकलींचं शहर म्हणून मिरवलेल्या पुण्यात वाढलेली बाई, आणि सायकल येत नाही! घरात सायकल एकच, ती भावाची. सायकल नाही म्हणून पुढे स्कूटरही नाही. जन्मभर बस.

मी दोनच अटी घातल्या. एक, वही करायची नाही. दुसरी, यजमानांकडून शिकायची नाही. (नवऱ्याकडून गाडी शिकताना मोडता मोडता राहिलेले संसार मी पाहिले आहेत.) गुरू त्यांनीच शोधला: सोसायटीच्या वॉचमनची अकरा वर्षांची मुलगी. पहाटे सहाला जवळच्या मैदानात ही चिमुरडी मागून कॅरिअर धरून पळायची आणि ओरडायची, "काकू, चाकाकडं नका बघू, लांब बघा!" चौथ्या दिवशी काकू पडल्या. गुडघा फुटला, पंजाबी ड्रेस फाटला, फिरायला आलेले आजोबा लोक थांबून बघायला लागले.

घरी सासूबाई हळद लावता लावता म्हणाल्या, "मी भोपळा बांधून विहिरीत पोहायला शिकले, ठाऊक आहे का तुला? काठावरून थोरल्या भावानं ढकललं होतं." २६ वर्षांच्या संसारात हे सुनंदाताईंना ठाऊक नव्हतं. त्या संध्याकाळी स्वयंपाक उशिरा झाला, कारण विहिरीची गोष्ट संपेना. मला हे सांगताना त्या खुर्चीत पार मागे रेलून बसल्या होत्या.

हा उपाय सगळ्यांना लागू नाही. जिच्या घरी मारहाण होते किंवा दारात रोज कर्जवाला येतो, तिच्या आयुष्यात अनिश्चितता आधीच ओसंडून वाहत असते. तिला आधी आसरा हवा. आणि नोकरी सोडायला निघालेल्यांना मी विचारते, आधी महिनाभर, पगार चालू असताना, स्वतःचं हसं होऊ द्याल का? निम्म्यांना तेच राजीनाम्यापेक्षा अवघड वाटतं.

सुनंदाताईंची शेवटची भेट शनिवारी साडेदहाला होती. अकरा वाजले तरी पत्ता नाही. मग मेसेज आला: "मॅडम, सारसबागेपाशी चेन पडलीय. कशी बसवतात ते बघतेय. हात काळे झालेत, फोन करू नका."