स्मार्टफोनमुळे माणसं एकमेकांपासून तुटली का?

तुम्ही विचारलंय की स्मार्टफोनमुळे पूर्वीच्या गप्पा, आपुलकी सगळं गेलं का. माझं उत्तर जरा वाकडं येणार, कारण आमचं घरच फोनवर चाललं. गोव्यात पेडणे तालुक्यात तिठ्यावर आमचं दुकान, नव्वदच्या दशकात बाबांनी तिथं पिवळ्या पाटीचं एसटीडी बूथ सुरू केलेलं.

रात्री 11 नंतर दर पाव व्हायचा म्हणून तेव्हाच खरी गर्दी. मुंबईला कामाला गेलेल्यांचे घरचे, तारवट्यांच्या (जहाजावर नोकरीला असलेल्यांच्या) बायका, सगळे बाहेर बाकावर नंबर लावून बसलेले, आत मीटरचे लाल आकडे पळतायत आणि लाईन खराब म्हणून बोलणारा ओरडतोय, म्हणजे घरातली गोष्ट अख्ख्या बाकाला कळली. आता लोक त्याच बाकाच्या आठवणी काढतात, काय ती माणुसकी म्हणे! अहो, आमच्या वाड्यावरची एक नवी सून आईला फोन लावून 'सगळं बरं आहे गे' एवढंच बोलून ठेवायची, कारण बाकावर सासूची मैत्रीण बसलेली. मी बिल फाडून देणारा दहा-बारा वर्षांचा पोर, मलासुद्धा कळायचं की बरं काहीच नाहीये. ती आता स्वतः सासू आहे आणि तिची सून फोन घेऊन माडाखाली तासभर माहेरी बोलते, कोणाच्या बापाला पत्ता नाही. ह्याला तुटणं म्हणत असाल तर तुटू दे.

आणि 2020 च्या लॉकडाऊनमध्ये सत्तरी-सांगेतली पोरं रेंजसाठी डोंगरावर चढून क्लास करत होती तेव्हा कोण म्हणत नव्हतं फोन वाईट म्हणून. रील्सवर मी बोलणार नाही, माझा स्क्रीन टाईम बायकोने बघितला तर फोन विहिरीत जाईल.

गेलं ते विचारणं. पूर्वी हरमल, केरीला जाणारे टुरिस्ट तिठ्यावर थांबून वाट विचारायचे, विचारता विचारता एक सोडा तरी प्यायचे. 2023 च्या जानेवारीत मोपाच्या नव्या विमानतळावरून विमानं सुरू झाली, काळ्या पाटीच्या रेंटच्या गाड्या वाढल्या, पण थांबत कोणी नाही, मॅप म्हणेल त्या गल्लीत घुसतात आणि पुढे शेताचा बांध. पैशांचंही तसंच. यूपीआय आणि नोटबंदी दोन्ही 2016 ची, नंतर आम्हीपण क्यूआर लावला, सुट्ट्यांची कटकट संपली (सुट्ट्यांच्या जागी चॉकलेट खपवायचो तेही बंद, त्यात नफा होता हं). पण आता गिऱ्हाईक स्कॅन करतं, स्पीकर ओरडतो, आम्ही दोघं गप्प.

गेल्या पावसात असाच एक मुलगा चिखलाने भरलेला चालत आला, गाडी मागच्या वाटेवर रुतलेली, फोनचं चार्जिंग संपलेलं. दोरी मागितली. भाच्याला ट्रॅक्टर घेऊन पाठवला, तोवर हा त्याच जुन्या बाकावर बसला, सोडा प्यायला, कुठला काय सगळं सांगितलं. पैसे द्यायला गेला तर खिशात नोट नाही. म्हटलं, असू दे, पुढच्या वेळी थांब म्हणजे झालं.