तुमचे प्रश्न : तीनचाकी स्कूटर आणि मे महिन्याचं ऊन

प्रश्न : मी दिव्यांग आहे. ११० सीसी स्कूटरला साइड व्हील लावून घेतलीत. जिंतूर-परभणी रोजची ये-जा. दुपारी परतताना चढाला गाडी ओढत नाही, जळका वास येतो. ऑइल जाड टाकू का?

उत्तर : ऑइल पुस्तिकेत दिलंय तेच ठेवा. रबर जळल्यासारखा वास बहुतेक वेळा बेल्ट-क्लचचा असतो. साइड व्हीलचा सांगाडा, जादा चाकं, मागं बांधलेल्या कुबड्या, एवढं ओझं घेऊन चढावर वेग पंधरा-वीसवर आला की क्लच पुरता पकडत नाही, घासत राहतो. उताराकडं घसरू नये म्हणून ब्रेकऐवजी रेसवर गाडी थोपवून धरायची सवय तर त्याहून वाईट. वास आला की सावलीत थांबा, इंजिन बंद, वीस मिनिटं. पाणी मात्र ओतू नका, तापलेल्या धातूला तडा जातो. मेकॅनिककडं डावं, म्हणजे बेल्ट-क्लचवरचं कव्हर उघडून आतली भुकटी झाडून घ्या. बेल्टला भेगा असतील तर बदलाच.

उजवीकडची पंख्याची जाळीही बघा. कापसाचे तंतू नि वाळलं गवत तिथंच अडकतं. हा पंखा इंजिनच्याच फेऱ्यांवर फिरतो, म्हणून रेल्वे फाटकात गाडी चालू ठेवली तर वारा कमी नि इंजिन तापतच राहतं.

हवा सकाळी, टायर थंड असताना मोजा. दुपारी चार-पाच पाउंड जास्त दिसली तरी सोडू नका. मधल्या चाकात हवा कमी पडली तर सगळा भार बाजूच्या चाकांवर जातो आणि मधलं, म्हणजे ओढणारं चाक, खड्ड्यात नुसतं गरगरतं. (मोजली तर चाकं चार होतात, पण म्हणायचं तीनचाकीच!)

प्रश्न : मणक्याच्या दुखापतीनं कमरेखाली जाणीव नाही. उन्हात तीनचाकी चालवताना काय जपावं?

उत्तर : दुखापतीखालच्या अंगाला घामही धड येत नाही, त्यामुळं शरीर लवकर तापतं. त्रेचाळीस अंशाला वारा कातडीपेक्षा गरम असतो, तो गारवा देत नाही, भाजतो. म्हणून हात उघडे नकोत. गळ्यात ओला गमछा, आणि पँटच्या मांड्याही भिजवा. घामाचं काम ते पाणी करतं. आपल्याकडची हवा कोरडी, कापड भराभर वाळतं, तेव्हा प्यायच्या दोन लिटरखेरीज भिजवायला एक लिटर वेगळं घ्या. लघवीच्या धास्तीनं पाणी तोडू नका. कॅथेटर (लघवीची नळी) असेल तर पाण्याचं माप डॉक्टरांकडून ठरवून घ्या.

उजवी पोटरी सायलेन्सरला टेकली तरी कळणार नाही. पाय पट्ट्यानं फूटबोर्डवर बांधा. उन्हात उभ्या गाडीच्या काळ्या रेक्झिन सीटवर आधी हाताचा पंजा टेकवून बघा, मगच बसा. घरी आल्यावर आरशात मांड्यांची मागची बाजू नि पोटऱ्या तपासा. लाल डाग दाबून पांढरा होत नसेल तर डॉक्टरांना दाखवा.

डोकं गरगरलं, बोलणं अडखळलं की गाडी तिथंच सावलीला लावा, अंगावर पाणी ओता आणि १०८ ला फोन करायला जवळच्याला सांगा.