होमस्टेडची फाइल मिळाली, आता ती वाचायची कशी?

प्रश्न असा आहे: एकोणिसाव्या शतकात अमेरिकेतल्या नेब्रास्कात सरकारी जमीन घेतलेल्या शेतकऱ्याचं आयुष्य आणि घराणं शोधायचंय, तर त्याची होमस्टेड फाइल, म्हणजे त्या जमिनीच्या अर्जापासून मालकीपर्यंतचे सरकारी कागद, पुरेल का? निम्मं काम होईल. उरलेलं निम्मं त्या फाइलवर कुठे विश्वास ठेवायचा आणि कुठे नाही, हे ठरवण्यात जातं. उदाहरणाला डॅनियल फ्रीमन घेऊ. पहिला होमस्टेडर म्हणून त्याचे कागद सहज पाहायला मिळतात आणि नेहमीचे सगळे खाचखळगे त्यात आहेत.

आधी होमस्टेड कायदा, म्हणजे सरकारी जमीन कसणाऱ्याच्या नावावर करणारा. राष्ट्राध्यक्ष लिंकनची सही २० मे १८६२ ची, अंमल १ जानेवारी १८६३ पासून. कुटुंबप्रमुख असलेल्या किंवा २१ वर्षं पूर्ण झालेल्या व्यक्तीला १६० एकर, बाईलाही. पाच वर्षं तिथे राहायचं, जमीन कसायची, मग दोन साक्षीदार उभे करून ते सिद्ध करायचं. फी सगळी मिळून साधारण १८ डॉलर. सहा महिने राहून एकरी सव्वा डॉलर भरला तरी जमीन नावावर होई. त्यामुळे अर्जानंतर वर्षा-दीड वर्षातच पेटंट, म्हणजे मालकीचा पक्का दस्त, दिसला तर बहुधा पैसे भरलेले असतात.

फ्रीमनचा अर्ज ब्राउनव्हिलच्या लँड ऑफिसातला, म्हणजे सरकारी जमीन कचेरीतला, क्रमांक १. जमीन सेक्शन २६, टाउनशिप ४ उत्तर, रेंज ५ पूर्व. टाउनशिप म्हणजे सहा मैल बाय सहा मैलांचा चौकोन, त्यात ६४० एकरांचे ३६ सेक्शन. टाउनशिपचा आकडा उत्तर-दक्षिण मोजलेला, रेंजचा पूर्व-पश्चिम. सेक्शनचे क्रमांक ईशान्य कोपऱ्यातून सुरू होतात. पहिली ओळ उजवीकडून डावीकडे, दुसरी डावीकडून उजवीकडे, असे नागमोडी. सगळ्या ओळी एकाच दिशेने मोजल्या की माणूस भलत्याच शेतात जाऊन पोचतो. रेंजची पूर्व-पश्चिम चुकली तर भलत्याच काउंटीत. चौथाई म्हणजे सेक्शनचा पाव भाग, १६० एकर. फ्रीमनला वायव्य चौथाईचा दक्षिण अर्धा भाग (८० एकर), त्याच चौथाईचा ईशान्य तुकडा (४०) आणि ईशान्य चौथाईचा नैऋत्य तुकडा (४०) मिळाला. चौकटीच्या कागदावर आखून बघा: खाली ओळीने तीन तुकडे, मधल्याच्या डोक्यावर चौथा. सरळ चौकोन सोडून कोणी असा आकार घेतला की ओढा शोधायचा. इथे कब क्रीक आहे. पाणी आणि लाकूड दोन्ही पदरात पाडून घेतलं.

फाइलमधला सर्वात रसाळ कागद जानेवारी १८६८ मधल्या साक्षीदारांच्या जबानीचा. घर १४ बाय २० फूट, एकमजली, काही भाग ओंडक्यांचा, काही फळ्यांचा. दोन दारं, दोन खिडक्या, लाकडी कौलांचं छप्पर, फळ्यांची जमीन. शिवाय तबेला, १०० फूट लांब मेंढवाडा, मक्याची कणगी, सफरचंदाची ४० आणि पीचची सुमारे ४०० झाडं. नांगरून, कुंपण घालून पिकाखाली आणलेली जमीन मात्र साधारण ३५ एकर.

पाच वर्षांत १६० पैकी ३५ म्हणून त्याला आळशी समजू नका. माळरानाच्या गवताची मुळं इतकी दाट की पहिली नांगरट बैलांच्या दोन-तीन जोड्या जुंपून करावी लागे, तीही उन्हाळ्याच्या सुरुवातीला आणि उथळ, म्हणजे उलटलेली ढेकळं कुजतात. खोल नांगरलं की गवत कुजायचं राहतं आणि पुढच्या वर्षी पुन्हा वर येतं. त्यात काटेरी तार बाजारात यायची होती, म्हणजे कुंपणाला लाकूडच हवं. झाडांचा आकडाही जपून वापरा: जबानीत ती ‘लावली’ आहेत, फळाला आली असं नाही. नेब्रास्काच्या थंडीत पीच टिकवणं सोपं नव्हे.

आता मेख. जबानी म्हणते, हा माणूस १ जानेवारी १८६३ रोजी जमिनीवर राहायला आला आणि तेव्हापासून तिथेच आहे. त्याच दिवशी त्याने अर्ज भरला तो मिसूरी नदीकाठच्या ब्राउनव्हिलला, शेतापासून शंभरेक किलोमीटरवर, आणि तेही मध्यरात्र उलटताच अशी कथा आहे. घोड्याला पंख नव्हते. ही आपल्या पंचनाम्यासारखी साचेबंद भाषा. कायद्याला जे हवं ते लिहिलंय. घर, झाडं, मोजमापं शेजाऱ्यांनी पाहिलेली, ती घ्या. सलग वास्तव्याच्या तारखा इतर कागदांशी ताडल्याशिवाय घेऊ नका.

घराण्याचं तसंच. जबानीत नुसतं ‘पत्नी आणि दोन मुलं’. ही पत्नी, अ‍ॅग्नेस सूटर, १८६५ मध्ये आयोवातल्या ले क्लेअरहून लग्न होऊन आलेली; फ्रीमनला पहिल्या लग्नाचीही मुलं होती. फाइलवरून वंशावळ काढणारा इथेच फसतो. जनगणनेत १८५० पासून घरातल्या प्रत्येकाचं नाव आणि जन्मस्थान आहे, पण नातं १८८० पासून. त्याआधीच्या यादीतली बाई बायको की बहीण, हे लग्नाच्या नोंदीवरूनच ठरवायचं. मुलांची जन्मराज्यं वयाच्या क्रमाने लावली की कुटुंब कुठून कसं सरकलं ते दिसतं. १८९० ची यादी जवळपास सगळी नष्ट झालीये. नेब्रास्कापुरती १८८५ ची राज्य जनगणना बरीच कामाला येते. १८५० ते १८८० ची शेतीची वेगळी तक्ते-यादी विसरू नका: गाईगुरं, गहू-मक्याचे बुशेल, लोण्याचे पौंडसुद्धा त्यात सापडतात.

पेटंटवर राष्ट्राध्यक्ष ग्रँटचं नाव दिसलं म्हणून ते फ्रेम करून ‘ग्रँटची सही’ म्हणून मिरवू नका. १८३३ पासून या सह्या कारकून करत.

आणि जनरल लँड ऑफिसच्या ऑनलाइन शोधात नाव नसेल तर तो तिथे नव्हताच, असं नाही. त्या शोधात फक्त पेटंट मिळालेले येतात. अर्ज करून मध्येच सोडून गेलेले ट्रॅक्ट बुकात, म्हणजे जमिनीच्या तुकड्यांवार अर्ज नोंदलेल्या वह्यांत, सापडतात, आणि ती नावाने नव्हे, सेक्शन-टाउनशिप-रेंजने लावलेली आहेत. जागा माहीत नसेल तर जनगणनेतल्या मागच्यापुढच्या शेजाऱ्यांची पेटंटं काढा आणि त्यांच्या सेक्शनपासून पानं चाळायला लागा.