कोल्हापुरात नव्याने राहायला आलोय. इको-फ्रेंडली वस्तू कुठे मिळतील आणि सुरुवात कशापासून करू?

प्रश्नासोबत तुम्ही यादीही दिली आहे: बांबूचे ब्रश, स्टीलचे स्ट्रॉ, कॉटनच्या पिशव्या आणि मक्याच्या स्टार्चपासून केलेल्या कचऱ्याच्या पिशव्या. ऑर्डर टाकायच्या आधी जरा थांबा, एवढं माझं आग्रहाचं सांगणं. आठवडाभर फक्त घरातून बाहेर काय काय जातंय ते बघा. खरेदीची यादी त्यावरून ठरवा, बहुतेक ती निम्म्यावर येईल.

कोल्हापुरी घरात रविवारच्या कचऱ्यात हमखास सापडते ती रश्शाची पिशवी. मिसळीचा कट असो, तांबडा-पांढरा असो, पार्सल म्हटलं की उकळता रस्सा पळीने पातळ पिशवीत ओततात, पिशवी फुगते, वर दोऱ्याचे चार वेढे बसतात. राज्यात २०१८ पासून प्लॅस्टिकबंदी आहे, तरी हे चाललेलंच आहे. गरम आणि तेलकट पदार्थात प्लॅस्टिकमधली रसायनं जास्त उतरतात, आणि रश्शाने माखलेली पिशवी भंगारवालाही घेत नाही. उपाय साधा आहे, झाकण घट्ट बसणारा डबा आणि एक किटली घेऊन जा. मी डबा पुढे केला तर आजवर कुठल्याही हॉटेलात कुणी नाक मुरडलेलं नाही, उलट कट हात सैल सोडून घालतात. गंगावेशीतल्या दूध कट्ट्यावर एकदा जाऊन या. म्हैस समोर उभी, धार काढून फेसाळ दूध ग्लासात. पिऊन झालं की ग्लास परत. पॅकिंग नावाची गोष्टच नाही. ही सवय या गावात अजून जिवंत आहे, तिचा फायदा घ्या.

आता पिशव्यांबद्दल. ब्रिटनच्या पर्यावरण खात्याच्या यंत्रणेने २०११ साली हिशेब मांडला होता. हवामानावरच्या परिणामाच्या दृष्टीने, कापसाची नवी पिशवी साध्या पातळ प्लॅस्टिक पिशवीला सरस ठरायची तर ती १३१ वेळा वापरावी लागते. कापूस पिकवायला, कापड विणायला इतकं पाणी आणि वीज लागते. म्हणून नव्या पिशव्यांचा सेट मागवू नका. जुन्या बेडशीटच्या, पँटच्या चार पिशव्या गल्लीतल्या शिलाईवाल्या काकूंकडून शिवून घ्या. कपिलतीर्थ मंडईत भाजी घ्यायला त्याच भक्कम. मक्याच्या पिशव्या तर अजिबात नकोत. 'कंपोस्टेबल' लिहिलेल्या बहुतेक पिशव्या मोठ्या प्रकल्पातल्या साठ अंशांच्या आसपासच्या उष्णतेतच कुजतात. तुमच्या गॅलरीतल्या बादलीत त्या कित्येक महिने जशाच्या तशा राहतील. कागदी कपालाही आतून प्लॅस्टिकचा थर असतो, तोही 'कागद' समजून घेऊ नका.

ज्याकडे कुणाचंच लक्ष जात नाही ते म्हणजे मोरीतून जाणारं पाणी. पंचगंगेवर आणि रंकाळ्यावर केंदाळ, म्हणजे जलपर्णी, माजलेलं तुम्ही बघालच. सांडपाण्यातलं फॉस्फेट आणि नायट्रोजन हे त्याचं खाद्य. पोषक पाण्यात केंदाळ पंधरवड्यात दुप्पट होऊ शकतं. खालचं पाणी गुदमरतं आणि मासे मरतात. ही नदी पुढे शिरोळ तालुक्यातून नृसिंहवाडीला कृष्णेला मिळते. आपण सोडलेलं पाणी त्या वाटेवरच्या गावांच्या वाट्याला येतं, हे मला फार लागतं. म्हणून पावडर पाकिटावर लिहिलीय त्याच्या निम्मी टाकून बघा, रोजचे कपडे तेवढ्यात निघतात. फॉस्फेट नसलेली पावडर घ्या. तळणीचं उरलेलं तेल मोरीत कधीच ओतू नका. गणपतीत शाडूची लहान मूर्ती आणा आणि विसर्जन घरीच बादलीत करा, नाहीतर इराणी खणीवर किंवा पालिकेने ठेवलेल्या कुंडात.

विकत घ्यावंच असं काय? माझ्या मते दोनच गोष्टी. एक पंखा. जुना पंखा ७५ वॅटच्या आसपास वीज खातो, बीएलडीसी, म्हणजे कमी वीज खाणाऱ्या ब्रशविना मोटरचा पंखा, ३० च्या आसपास. रोज १२ तास चालला तर महिन्याला एका पंख्यामागे १६ युनिट वाचतात. कुठल्याही बांबूच्या ब्रशपेक्षा हे काम मोठं आहे. दुसरी, चप्पल. खरी कोल्हापुरी बाभळीच्या सालीत आणि हिरड्यात कमावलेल्या कातड्याची असते. त्यात कातडं कमावायला सर्रास वापरतात ते क्रोमियम नाही. शिलाई चामड्याच्याच वादीने, खिळा नाही. तळ झिजला की नवा बसवून मिळतो. २०१९ साली तिला भौगोलिक मानांकनही मिळालं. चप्पल लाईनमध्ये रेक्झिनच्या नकलाही टांगलेल्या असतात, म्हणून कातडं कशात कमावलंय ते विचारूनच घ्या. पावसात मात्र घालू नका, भिजली की गेली.

सगळ्यात मोठं काम ओल्या कचऱ्याचं. बहुतेक घरांत कचऱ्याचा निम्म्याहून जास्त भाग तोच असतो. टिप्परमध्ये, म्हणजे पालिकेच्या कचरागाडीत, गेला की मोठ्या ढिगात हवेविना कुजतो आणि मिथेन सोडतो. शंभर वर्षांचा हिशेब धरला तर मिथेन कार्बन डायऑक्साइडच्या २५ पटींहून जास्त उष्णता धरून ठेवतो. घरी हवा खेळवून कुजवलं तर जवळजवळ मिथेन होत नाही.

महागडं कंपोस्ट किट लागत नाही. वीस लिटरची जुनी बादली घ्या, बुडाला आणि कडेने भोकं पाडा, खाली ताटली ठेवा. तळाला चार बोटं वाळकी पानं. त्यावर दिवसाची सालं, देठं, चहाचा चोथा, आणि वर त्याच्या दुप्पट कोरडा माल. कोरड्या मालाला कोल्हापूरसारखं गाव नाही. ऊस तुटल्यावर शिवारात पाचट, म्हणजे उसाचा वाळका पाला, पडलेलं असतं, कितीतरी शेतकरी ते जाळून टाकतात. ओळखीच्या कुणाकडून पोतंभर आणा. रसवंतीवरचं चिपाडही चालतं, पण उन्हात खडखडीत वाळवून आणि बारीक तोडून. गोड राहिलं तर मुंग्या लागतात. सुरुवातीला विरजण म्हणून मूठभर शेण किंवा कुणाकडचं तयार खत घाला. आठवड्यातून एकदा काठीने खालीवर करा. वास आला तर पाणी जास्त झालंय, कोरडं वाढवा. जाड करड्या अळ्या दिसल्या तर घाबरू नका, त्या कामाच्याच आहेत. मटणाची हाडं आणि रश्शाचं तेल मात्र घालायचं नाही, उंदीर येतात. दोन-अडीच महिन्यांत खालचा थर काळा, भुसभुशीत होतो. तो चाळून कुंडीत घाला.

एक तयारी आत्ताच करून ठेवा. जूनपासून इथे पाऊस लागला की आठ-आठ दिवस ऊन दिसत नाही, आणि वाळकं पान शोधूनही मिळत नाही. मे महिन्यातच दोन पोती पाचट भरून, तोंड बांधून, गॅलरीत भिंतीकडेला उंचावर ठेवा.