फ्लॉरेन्समधली छोट्या ग्रुपची वॉकिंग टूर: घ्यावी का, कुठली आणि कधी

तुम्ही विचारलंय की फ्लॉरेन्सला दोन पूर्ण दिवस आहेत, सोबत आई-बाबा आहेत, आईंचे गुडघे दुखतात, तर गाईडसोबत छोट्या ग्रुपची टूर घ्यावी की फोनवर वाचत वाचत आपलं आपणच फिरावं. घ्याच. पण पहिल्या दिवशी सकाळीच घ्या आणि म्युझियम नसलेली, फक्त रस्त्यातून चालायची अशी घ्या. हे का सांगतेय ते जरा सविस्तर लिहिते, कारण मी तीन वेळा गेलेय आणि पहिल्या वेळी नेमकं उलटं केलं होतं.

पहिल्या वेळची टूर पस्तीसेक लोकांची होती. कानात इअरफोन, पुढे कुठेतरी वर धरलेली छत्री, आणि आपण त्या छत्रीच्या मागे नुसतं पळायचं. रेडिओची रेंज गेली की निम्मं वाक्य गायब. गाईड बाई चांगल्या बोलत होत्या, पण आपण त्या वस्तूपाशी पोचेपर्यंत त्यांचं बोलून झालेलं असायचं आणि त्या पुढच्या वस्तूवर गेलेल्या असायच्या. तीन तासांत तेरा जागा झाल्या आणि संध्याकाळी हॉटेलवर बसून आठवायला गेले तर पुढच्या लोकांच्या पाठी तेवढ्या आठवत होत्या. दुसऱ्या वेळी आम्ही आठ जण होतो, तेवढ्याच वेळात पाच जागा बघितल्या, आणि त्या पाचही आज विचारल्यात तरी सांगू शकेन.

त्यातलीच एक सांगते. दुओमोकडून, म्हणजे शहराच्या मोठ्या घुमटाच्या चर्चकडून, सिन्योरिया चौकाकडे जाताना व्हिया देई काल्त्सायुओली नावाचा रस्ता लागतो, दोन्ही बाजूंना दुकानं, सगळे लोक आइस्क्रीम खात पुढे निघालेले. डाव्या-उजव्या दुकानांच्या नादात मध्येच एक चौकोनी दणकट इमारत येते, ओर्सानमिकेले. ती चर्चसारखी दिसत नाही, कारण आधी तिथे धान्याचा बाजार होता. बाहेरच्या भिंतीत चारी बाजूंनी कोनाडे आहेत आणि प्रत्येक कोनाड्यात एकेका व्यापारी संघाने आपापल्या संताचा पुतळा बसवलाय. (आता बाहेर आहेत त्या प्रतिकृती, मूळ पुतळे बहुतेक वरच्या मजल्यावरच्या म्युझियममध्ये आहेत.) आमच्या गाईडने आम्हाला थांबवलं आणि एवढंच म्हणाली, चेहरे नका बघू, पाय बघा. व्हेरोक्यिओ या शिल्पकाराच्या कोनाड्यात ख्रिस्त आत उभा आहे आणि तो पुन्हा जिवंत झाला यावर शंका घेणारा त्याचा शिष्य थॉमस निम्मा कोनाड्याच्या बाहेर, त्याचं पाऊल चक्क कडेवरून रस्त्यावर आलेलं. म्हणजे तो अजून आत आलेला नाही, त्याचा अजून विश्वास बसलेला नाही! मग वळून दुसऱ्या बाजूला शिल्पकार दोनातेल्लोचा संत मार्क. त्याच्या पायाखाली उशी आहे, संगमरवराची, पण पाय रुतल्यासारखी दबलेली, कारण हा पुतळा तागाच्या कापडवाल्यांच्या संघाने करून घेतलेला, म्हणून त्यांचा माल संताच्या पायाखाली. या दोन कोनाड्यांसमोर आम्ही पंधरा मिनिटं उभे होतो. त्यानंतर पुढचे दोन दिवस मी प्रत्येक पुतळ्याचे पाय आधी बघत होते, आणि मला वाटतं पैसे द्यायचे ते याच्यासाठी. तारखा काय फोनवर पण मिळतात, पण कुठे बघायचं हे कोणीतरी शेजारी उभं राहून दाखवावं लागतं. म्हणूनच टूर पहिल्याच सकाळी हवी, शेवटच्या दिवशी घेतली तर ही नजर वापरायला दिवसच उरत नाही.

छोटा ग्रुप म्हणजे किती, हे बुकिंग करताना नीट बघा. नुसतं 'स्मॉल ग्रुप' लिहिलेलं असतं आणि आत बारीक अक्षरात पंचवीस. जास्तीत जास्त किती हा आकडा स्पष्ट दिलेला नसेल तर ईमेल करून विचारा. माझ्या मते दहाच्या आत हवेत. दहाच्या आत असलं की इअरफोन लागत नाहीत, मध्येच थांबवून प्रश्न विचारता येतो, आणि आईंना बसायचं झालं तर गाईडला ते दिसतं. दुसरं म्हणजे इटलीत गाईडला लायसन्स लागतं, तर लायसन्सवाला गाईड आहे का हे पण विचारून घ्या. नाव 'फ्री' असलेल्या टूर असतात त्यात शेवटी टिप द्यायची असते, त्या वाईटच असतात असं नाही, पण ग्रुप बरेचदा मोठा होतो आणि तुमच्यासोबत ज्येष्ठ मंडळी आहेत म्हणून मी तुम्हाला तो सल्ला देणार नाही.

आता म्युझियम नसलेली का. उफिझी हे चित्रांचं म्युझियम आणि मायकेलअँजेलोचा डेव्हिडचा पुतळा, दोन्ही एकाच दिवसात चालत्या टूरमध्ये कोंबलेले असतात, चार-पाच तास, आणि त्यात 'स्किप द लाइन' लिहिलेलं असतं. तिकिटाची रांग चुकते हे खरंय, पण सिक्युरिटी तपासणीची रांग सगळ्यांनाच असते. आणि म्युझियममध्ये आपापल्या वेगाने बघण्यात मजा आहे. उफिझीतल्या बॉत्तिचेल्लीच्या व्हीनसच्या चित्रासमोर तुम्हाला वीस मिनिटं उभं राहावंसं वाटलं तर ग्रुप काय करणार? तिथली वेळेची तिकिटं आपली आपण आधी काढून ठेवा. एक लक्षात असू द्या, उफिझी आणि डेव्हिड जिथे आहे ती आकादेमिया, दोन्ही सोमवारी बंद असतात. आणि महिन्याच्या पहिल्या रविवारी सरकारी म्युझियम फुकट असतात म्हणून तुफान गर्दी, तो दिवस आई-बाबांसाठी टाळलेलाच बरा.

शहराच्या मधल्या भागातलं चालणं खरं तर फार नाही. दुओमोपासून पोन्ते वेक्यो पुलापर्यंत सरळ गेलात तर दहा-बारा मिनिटं. त्रास चालण्याचा नाही, उभं राहण्याचा होतो. दगडी फरशीवर तासन्तास उभं राहून गुडघे आणि कंबर बोलायला लागतात. जाड तळाचे, वापरून सैल झालेले बूट घाला, नवीन घेऊन जाऊ नका. गाईडला सुरुवातीलाच बाजूला घेऊन सांगा की आईंना दर अर्ध्या तासाने टेकायला लागतं. चांगला गाईड गोष्ट मुद्दाम बसायच्या जागेजवळ सांगतो. सिन्योरिया चौकातला लोज्जिया देई लान्झी हा उघडा मंडप त्यासाठी उत्तम, कमानीखाली सावली, आत चेल्लिनीचा पर्सिअस हातात मेडूसाचं मुंडकं धरून उभा, जांबोलोन्याचा तीन माणसांचा पिळवटलेला पुतळा, आणि हे सगळं अस्सल, उघड्यावर, तिकीट नाही. त्याच चौकात जुन्या पालिकेच्या महालासमोर डेव्हिडची प्रतिकृती आहे, मूळ पुतळा १८७३ साली तिथून आकादेमियात हलवला. नेपच्यूनच्या कारंज्याजवळ पिण्याच्या पाण्याचा फुकट नळ आहे, बाटली तिथे भरून घ्या.

दुओमोचं मात्र आधी ठरवून जा. घुमटावर चढायला ४६३ पायऱ्या, लिफ्ट नाही, वर जायची वाट अरुंद, आणि मध्येच परत फिरणं अवघड. शेजारच्या जोत्तोच्या घंटेच्या मनोऱ्याला ४१४, तिथेही लिफ्ट नाही. आईंना यातलं काहीही करायला लावू नका, आणि तुम्ही एकट्या चढणार असाल तर वेळेचं बुकिंग आधीच करा. चर्चच्या आत जायला तिकीट नाही, पण खांदे आणि गुडघे झाकलेले हवेत, एक ओढणी बॅगेत असू द्या म्हणजे झालं.

घुमट मात्र खालून गाईडकडून समजून घ्याच घ्या. चर्च १२९६ मध्ये सुरू झालं, आणि शंभर वर्षांहून जास्त काळ बांधकाम चालूनही वर भोकच राहिलं होतं, कारण एवढा साधारण ४५ मीटर रुंदीचा घुमट उभा कसा करायचा हेच कोणाला ठाऊक नव्हतं. खालून लाकडाचा आधार द्यायचा तर तेवढं लाकूड आणायचं कुठून? ब्रुनेलेस्की नावाच्या वास्तुकाराने १४२० ते १४३६ मध्ये तो जमिनीपासूनच्या लाकडी आधाराशिवाय उभा केला. एकात एक अशी दोन कवचं, आणि विटा आडव्या रचताना मध्ये मध्ये उभी वीट, माशाच्या काट्यासारखी नक्षी. चुना ओला असताना आतल्या बाजूला कलणारी आडवी वीट घसरू नये म्हणून त्या उभ्या विटा तिला दोन्हीकडून धरून ठेवतात. आमच्या गाईडने हे आमच्याच फोनांनी करून दाखवलं होतं, चार फोन आडवे, दोन उभे, तळहात तिरका, आणि बघा पडत नाहीत. बाबांना हे नक्की आवडेल.

समोरच बाप्तिस्तेरीची, म्हणजे बाप्तिस्मा देण्याच्या इमारतीची, सोनेरी दारं. सगळे फोटो काढून निघून जातात. ही पण प्रतिकृती, शिल्पकार गिबेर्तीची मूळ दारं दुओमोच्याच म्युझियममध्ये आहेत. पण चौकटीवरच्या बारीक डोक्यांमध्ये गिबेर्तीने स्वतःचं टक्कल पडलेलं डोकं बसवलंय, ते गाईडला दाखवायला सांगा. नंतर वेळ झाला तर बार्जेल्लो म्युझियममध्ये जा. १४०१ साली या बाप्तिस्तेरीच्या एका दाराच्या कामासाठी स्पर्धा झाली, त्यातले गिबेर्ती आणि ब्रुनेलेस्कीचे दोन ब्राँझचे नमुने तिथे आजही आहेत. विषय एकच, अब्राहम मुलाचा बळी द्यायला निघालाय. ब्रुनेलेस्कीच्या नमुन्यात देवदूत अब्राहमचा हात गच्च पकडतो, सुरी मानेला टेकलेली, बघताना अंगावर येतं. गिबेर्तीचं काम शांत, सुंदर आणि वजनाला हलकं, म्हणजे ब्राँझही कमी. काम गिबेर्तीला मिळालं. तुम्ही तिघं तिथे उभं राहून आपापसात ठरवा की तुम्ही कोणाला दिलं असतं, आमच्यात यावर अजून एकमत नाही.

अजून एक जागा, कुठल्या मोठ्या टूरमध्ये सहसा नसते पण छोट्या ग्रुपच्या गाईडला विनंती केलीत तर नेतात. सांता क्रोचे चर्चकडे जाताना व्हिया दी सान रेमिजिओ नावाची लहानशी गल्ली आहे. कोपऱ्यावरच्या भिंतीवर वरच्या बाजूला दगडात कोरलेला एक हात, बोट खालच्या लाटांकडे दाखवणारा. १३३३ साली ४ नोव्हेंबरला आर्नो नदीचं पाणी इथवर चढलं होतं. आणि त्याच्याही वर दुसरी पाटी, ४ नोव्हेंबर १९६६. तारीख तीच, ६३३ वर्षांनी, आणि पाणी अजून उंच. मान वर करून बघताना पोटात गोळा येतो. त्याच पुराने बाप्तिस्तेरीच्या दारांचे कोरीव फलक उचकटले आणि सांता क्रोचेतल्या चिमाबुए या जुन्या चित्रकाराच्या क्रूसावरचा बराचसा रंग धुऊन नेला. ही पाटी बघून मग सांता क्रोचेत गेलात तर तो क्रूस वेगळाच दिसतो. मायकेलअँजेलो, गॅलिलिओ, मॅकियाव्हेली यांच्या कबरीही तिथेच आहेत.

पोन्ते वेक्यो पूल संध्याकाळी आपला आपण बघा, त्याला गाईड नको. एवढं माहीत असलं तरी पुरे की आधी त्यावर खाटकांची दुकानं होती, १५९३ मध्ये ती काढून सोनारांना जागा दिली, कारण पुलावरून शहरावर राज्य करणाऱ्या मेदिची घराण्याचा खासगी बंदिस्त रस्ता जातो आणि खालून वास यायचा. १९४४ मध्ये माघार घेणाऱ्या जर्मन सैन्याने शहरातले बाकीचे सगळे पूल उडवले, हा एकच राहिला.

तुमच्या दोन दिवसांचं मी असं बसवलं असतं: पहिल्या दिवशी सकाळी नऊची टूर, अडीच तास, मग जेवून हॉटेलवर दोन तास सक्तीची विश्रांती, चारनंतर ओर्सानमिकेले किंवा जे आवडलं असेल तिथे परत. दुसऱ्या दिवशी सकाळी उफिझी किंवा आकादेमिया, दोन्हीपैकी एकच. आई-बाबांनी डेव्हिडचं नाव काढलं असेल तर आकादेमिया, ती लहान आहे आणि तासाभरात होते. कॉफी प्यायची तर उभ्याने काउंटरवर स्वस्त पडते, टेबलावर बसलात की दर वेगळा, पण आईंसाठी बसाच, ते पैसे वाचवू नका. आणि बुकिंग करताना जमण्याची जागा नकाशावर आदल्या संध्याकाळी स्वतः चालत जाऊन बघून या, दुओमोचा चौक सगळीकडून सारखाच वाटतो आणि सकाळी तिथे एकाच वेळी पाच-सहा ग्रुप उभे असतात.